ग्रीक बाहुल्या आणि नाशिकची माती: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी स्वतः केलेल्या एका मातीच्या ग्रीक बाईचा फोटो छापला होता, आणि तेव्हापासून मेल, पत्रं, व्हॉट्सॲप सगळीकडून प्रश्न येतायत. ग्रीस, क्रीट, सायप्रस, इटली, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठावर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी (काही तर त्याच्याही आधी) मातीत जे घडलं, त्याच्या नकला आज हाताने करायच्या तर कशा, घ्यायच्या तर बघून काय घ्यायचं, असे हे प्रश्न. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं त्यांच्यासाठी सगळ्यांचीच नावं गाळलीत.

प्रश्न: आम्ही टूरने ग्रीसला गेलो होतो, अथेन्सहून काळ्या चित्रांची एक छोटी सुरई आणली. दुकानदार म्हणाला जुन्या पद्धतीने हाताने केलेली आहे. मुलगा म्हणतो हा नुसता रंग मारलाय. कोणाचं खरं? (गंगापूर रोड)

ताई, आधी सुरई खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरा. जुन्या पद्धतीने भाजलेली असेल तर काळा भाग वरून चढवल्यासारखा दिसत नाही, तो मातीच्याच अंगाचा वाटतो, मंद चकाकतो, आणि जिथे कुंचल्याचा थर पातळ पडलाय तिथे तपकिरी किंवा तांबूस दिसतो. रंग असेल तर सगळीकडे एकसारखा डांबरासारखा काळा. मग कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढायचं लिक्विड घ्या आणि तळाशी, न दिसणाऱ्या जागी हळूच घासा. ॲक्रिलिक असेल तर बोळा काळा होईल. भट्टीत झालेलं काळं असेल तर बोळ्याला काही म्हणजे काही लागणार नाही.

आता हे काळं येतं कुठून ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण ते कळलं तेव्हा मी दोन रात्री झोपले नव्हते. सुरई लाल मातीची, आणि चित्रं ज्या लेपाने काढलीत तोही मातीचाच, त्यात काळा रंग असा मुळी घातलेलाच नाही, फक्त तो लेप फार बारीक केलेला. म्हणजे माती पाण्यात ढवळायची, जड कण खाली बसू द्यायचे, वरचं गढूळ पाणी काढून घ्यायचं, आटवायचं. चित्र काढताना लालसर मातीवर जरा गडद लालसर रेघ एवढंच दिसतं. मग एकच भाजणी, पण तीन टप्प्यांची. पहिल्यांदा हवा खेळती ठेवून साधारण ८०० अंशांपर्यंत नेलं की सगळं लाल होतं. मग झरोके बंद करायचे, ओली लाकडं टाकायची, आत धूर कोंडायचा आणि उष्णता ९०० च्या वर न्यायची, की सुरईही काळी आणि चित्रही काळं. पण याच वेळी तो बारीक लेप वितळायला लागून काचेसारखा बंद होतो. शेवटी परत हवा सोडली की अंगाची माती सच्छिद्र असल्यामुळे हवा पिऊन पुन्हा लाल होते, आणि लेपाने तोंड मिटलेलं असतं म्हणून तो काळाच राहतो! मातीतलं लोखंड तेच (लाल-काळं होतं ते तेच), माती तीच, फक्त श्वास कोणाला घेता आला आणि कोणाला नाही.

रोमन काळानंतर ही विद्या विसरली गेली, मग लोक शतकानुशतकं याला वार्निश समजत होते, आणि १९४२ मध्ये थिओडोर शूमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने ती परत करून दाखवली. अथेन्समध्ये कुंभारांची वस्ती होती तिचं नाव केरामेइकोस, आपला कुंभारवाडाच म्हणा ना, सिरॅमिक हा शब्द त्याच घरातला. आत काय चाललंय ते कळावं म्हणून ते भट्टीत भोक पाडलेले खापराचे तुकडे ठेवायचे आणि मधेच आकडीने ओढून बघायचे. आपल्याकडचा म्हातारा कुंभार आव्याच्या धुराच्या रंगावरून सांगतो ना, अजून तासभर आहे म्हणून, तसाच हाही अंदाजाचा खेळ.

तर ताई, बोळा काळा झाला तरी सुरई टाकून देऊ नका, हाताने काढलेली रेघ असेल तर तिलाही किंमत आहे. फक्त दुकानदाराने सांगितलं ते तसं नव्हतं, एवढं मुलाला कबूल करा.

प्रश्न: मी सातपूरला नोकरी करतो, घरी छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे. आपल्या नाशिकच्या मातीत हे ग्रीक काळं जमेल का? (सातपूर)

शेतातल्या काळ्या मातीत नाही जमणार, ते आधीच सांगते म्हणजे तुमचे सहा महिने वाचतील, माझे गेले. आपली काळी माती पाणी प्यायली की टम्म फुगते आणि वाळली की इतकी आकसते की उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भांड्याचंही तेच होतं. कुंभार ती एकटी कधीच वापरत नाहीत, तळ्याचा गाळ, राख, लीद, काही ना काही मिसळतात. लेपासाठी लाल, लोखंड असलेली, अभ्रकाच्या जातीचे बारीक कण असलेली माती हवी, ती दोन-चार ठिकाणची आणून प्रत्येकीची छोटी टाइल भाजून बघा, दुसरा उपाय नाही.

लेपाचं माझं माप: एक किलो सुकी, कुटून चाळलेली माती, तीन लिटर पाणी, साधारण पाच ग्रॅम सोडियम सिलिकेट. उंच पारदर्शक बरणीत ढवळून एक दिवस अजिबात हलवू नका. दुसऱ्या दिवशी वर निवळ पाणी, मधे दुधासारखा थर आणि खाली चिखल दिसेल. पातळ नळीने मधला थर तेवढा ओढून घ्या आणि सायीसारखा होईपर्यंत आटवा. बोटावर घेतला तर साबणासारखा गुळगुळीत लागला पाहिजे, कचकच लागली तर परत.

इलेक्ट्रिक भट्टीत मात्र धूर कोंडू नका. तारा खराब होतात आणि घरात कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या जागी झोपतो. हे काम उघड्यावर, गॅसच्या किंवा लाकडाच्या भट्टीवरच करा, एखाद्या मित्राचं शेत असेल तर उत्तम.

आणि एक, काळी चकचकीत भांडी ही काही फक्त ग्रीकांची मिरास नाही. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी आपल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं, त्यात उत्तर भारतात होणाऱ्या त्या आरशासारख्या काळ्या भांड्यांचे तुकडे निघाले. रेसिपी वेगळी, पण बारीक लेप आणि कोंडलेला धूर ही जोडी तिथेही आहेच. तुम्ही सातपूरला जे करायला बघताय ते या गावाला अगदीच परकं नाही!

प्रश्न: मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. प्रोजेक्टसाठी तानाग्रा बाहुली (जुन्या ग्रीक मातीच्या मूर्तीची नक्कल) केली, आठ दिवस वाळवली, भट्टीत फुटली. दुसरी केली, तीही फुटली. सबमिशन पंधरा दिवसांवर आहे. (कॉलेज रोड)

बाळा, पाठीला भोक ठेवलं होतंस का?

माझी पहिली तानाग्रा अशीच गेली. भर पावसाळा, हवेत एवढा दमटपणा की कपडे वाळत नव्हते, आणि मी मात्र बाहेरून हात लावून कोरडी लागतेय म्हणून भट्टीत घातली. सकाळी झाकण उघडलं तर ठिकऱ्या, खांद्याचा एक, पदराच्या चुण्यांचे पाच-सहा, आणि केसांचा अंबाडा मात्र अख्खाच्या अख्खा, कोपऱ्यात सुपारीसारखा बसलेला. तो अजून माझ्या टेबलावर आहे. आतली ओल वाफ झाली, वाफेला जायला वाट नव्हती, एवढंच कारण.

जुन्या कारागिरांनी ही वाट करून ठेवलेली असते. तानाग्रा हे ग्रीसमध्ये बिओशिया भागातलं गाव, तिथल्या थडग्यांमध्ये १८७० च्या सुमाराला या बाहुल्या ढिगाने सापडायला लागल्या. वय म्हणशील तर इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या. वीतभर, फार तर वीत-सव्वा वीत उंचीच्या बायका, अंगभर वस्त्र लपेटलेल्या, कोणाच्या हातात पंखा, कोणाच्या डोक्यावर टोकदार हॅट. देवी वगैरे दिसत नाहीत गं, बाजारातून परत येणाऱ्या बायका दिसतात, म्हणून तर युरोप वेडा झाला त्यांच्यासाठी, आणि मागणी वाढली तशा खोट्याही लगेच निघाल्या. आता त्यांच्यातली एखादी मागून बघ (म्युझियमच्या साइटवर मागचे फोटो असतात, ते कोणी बघत नाही), पाठीत चौकोनी नाहीतर गोल भोक दिसेल. ते सोय म्हणून आहे, शोभा म्हणून नाही.

तर असं कर. समोरचा साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा. त्यात माती पोळीसारखी लाटून अंगठ्याने दाबत बसव, जाडी सगळीकडे पेन्सिलीएवढी, मान आणि खांदा जिथे मिळतो तिथे आपण हमखास जास्त भरतो, तिथेच फुटते. पाठ वेगळी, ती साधी वळवलीस तरी चालेल, त्यांनीही पाठीकडे फारसं लक्ष दिलेलं नाही. दोन्ही कडा सुईने ओरबाडून, मातीचंच घट्ट पाणी लावून जोड. डोकं वेगळ्या साच्यातून काढायचं आणि मागून बसवायचं, बसवताना किंचित झुकव. यातच त्यांची सगळी गंमत आहे बघ: अंगाचे साचे मोजके, डोक्याचे मोजके, पण मान कलवली, हात बदलला, पंखा दिला की प्रत्येक बाई वेगळी. साच्यातून काढून झाल्यावर पापणी, ओठ, केस बारीक काडीने परत कोरायचे, नाहीतर चेहरा झोपलेला राहतो.

मग पाठीला बोट जाईल एवढं भोक. वाळवताना पहिले चार दिवस प्लास्टिकखाली, नंतर उघडी, पण पंख्याखाली नको. आणि गालाला लावून बघ, गार लागली तर आत अजून पाणी आहे. माझी आई पापड वाळले का ते असंच बघायची. भट्टीत पहिले तीन-चार तास शंभर अंशांच्या खालीच ठेव, झाकण फटीपुरतं उघडं.

रंगाचं राहिलं. पांढऱ्या मातीचा पातळ लेप भाजायच्या आधी द्यायचा, आणि गुलाबी, निळा, लाल हे रंग भाजून झाल्यावर. त्यामुळेच बहुतेक मूळ बाहुल्यांचे रंग उडालेत आणि आपल्याला त्या फिक्या, सोज्वळ वाटतात. पॅरिसच्या लूव्रमध्ये एक निळ्या वस्त्रातली बाई आहे, तिचा रंग बराच टिकलाय, ती बघ आणि बिनधास्त रंगव. फिकी ठेवून ‘जुनी’ दाखवायची काही गरज नाही.

पंधरा दिवस पुरतात. आज साचा कर.

प्रश्न: मी होम डेकोरच्या वस्तू विकतो. ग्राहकांना ‘ॲंटिक लुक’ पाहिजे असतो. चहाचं पाणी, माती, ॲसिड वापरून जुनं दाखवायची पद्धत सांगाल का? आणि परदेशी पाठवायचं तर काही परवानगी लागते का? (इंदिरानगर)

पद्धत सांगणार नाही दादा, रागावू नका. का सांगत नाही तेही लिहिते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९१५ ते १९२१ च्या दरम्यान मातीच्या तीन भल्या मोठ्या वस्तू घेतल्या, दोन योद्धे आणि एक प्रचंड डोकं, त्यातला एक योद्धा तर जवळजवळ आठ फूट. इटलीतल्या जुन्या एट्रुस्कन लोकांचं काम म्हणून १९३३ मध्ये ते थाटात मांडले, लोक रांगा लावून बघायचे. प्रत्यक्षात ते रिकार्डी घराण्यातल्या भावंडांनी आणि त्यांच्या मित्राने, आल्फ्रेडो फिओरावांतीने केले होते. एवढी मोठी मूर्ती भाजायला भट्टीच नव्हती त्यांच्याकडे, म्हणून अख्खी घडवायची, कच्ची असतानाच तोडायची, तुकडे भाजायचे आणि ‘जमिनीतून तुकडे निघाले’ म्हणून विकायचे. १९६० मध्ये म्युझियमचेच जोसेफ नोबल यांनी त्यावरच्या काळ्या झिलईची तपासणी करवली, तर त्यात मँगनीज निघालं. वर पहिल्या उत्तरात सांगितलं तसं खरं काळं हे लोखंड आणि धुराचं, मँगनीजचं तिथे कामच नाही. मग ५ जानेवारी १९६१ ला फिओरावांतीने रोममध्ये लेखी कबुली दिली, आणि पुरावा म्हणून काय आणलं? योद्ध्याचा गायब असलेला अंगठा. इतकी वर्षं त्याने तो जपून ठेवला होता, आणि तो हाताला बरोब्बर बसला.

मला या गोष्टीत वाईट कशाचं वाटतं, तर ती माणसं खरंच कसबी होती. आठ फुटी मातीचा माणूस उभा करणं ही चेष्टा आहे का? स्वतःच्या नावाने उभा केला असता तर आज त्यांचं नाव निघालं असतं.

माझ्या बाबतीतही एकदा झालंय. मी एका दुकानाला दहा-बारा रोमन दिवे दिले होते, साच्यातले, साधे, वातीला चोच असलेले. दोन महिन्यांनी ओळखीच्या एका काकांनी मला मोठ्या कौतुकाने ‘उत्खननातला’ दिवा दाखवला, दुप्पट-तिप्पट नाही, कितीतरी पट पैसे मोजून घेतलेला. माझाच होता. तळ घासून माझी खूण काढून टाकलेली. काकांना सांगावं लागलं, त्यांचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून मी नाव आणि साल तळाशी नाही, आतल्या बाजूला आणि तेही ओल्या मातीत खोल कोरते, म्हणजे घासायचं तर वस्तूच फोडावी लागेल.

तुम्हीही तेच करा. ‘हाताने केलेली प्रतिकृती, नाशिक’ असं लिहिलेली चिठ्ठी सोबत द्या, कसं केलं ते चार ओळीत लिहा, गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं, माझा अनुभव आहे. परवानगीचं म्हणाल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तुमची नवी वस्तू जुनी दिसत असली की कस्टममध्ये तीही अडकते. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळतो, तो आधी घ्या. म्हणजे बघा, जुनी दाखवायला मेहनत करायची आणि मग ती जुनी नाही हे सिद्ध करायला फेऱ्या मारायच्या, कशाला?

प्रश्न: आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. इटलीतलं ते मंचकावर रेललेलं हसरं जोडपं आहे ना, त्याची छोटी मातीची प्रतिकृती करून द्यायचीय. ताई, शुभ आहे ना? (पंचवटी)

हा प्रश्न वाचून मी खूप वेळ विचार केला. ते जोडपं मला फार आवडतं. चेर्वेतेरी या गावच्या दफनभूमीत १८८१ मध्ये चारशेच्या वर तुकड्यांत सापडलं, आता रोमच्या विला जूलिया म्युझियममध्ये आहे, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या शेवटचं, जवळजवळ दोन मीटर लांब. नवराबायको जेवणाच्या मंचकावर शेजारी शेजारी, त्याचा हात तिच्या खांद्यावर, दोघांच्या ओठांवर तेच हसू. त्या काळच्या ग्रीक घरात बायको अशी मेजवानीत पाहुण्यांसमोर नवऱ्याबरोबर बसली नसती, एट्रुस्कन बसायच्या. हातात काहीतरी धरलेलं होतं ते गेलंय, त्यामुळे बोटं आता गप्पा मारल्यासारखी हवेत दिसतात.

पण ती रक्षा ठेवायची पेटी आहे. हे लपवून भेट देऊ नका, कोणीतरी गुगल करणारच, आणि मग आईच्या मनाला लागेल. माझं मत असं, पेटी करूच नका. फक्त मंचक आणि वर ते दोघं, चेहरे हवं तर आईबाबांचे, आईला नऊवारी नेसवा. मूळ कुठून घेतलं ते आधी बाबांच्या कानावर घाला. करताना मोठ्या मूर्तीसारखेच भाग वेगळे ठेवा, मूळचीही चार भागांत भाजलीय, कमरेपाशी जोड घ्या म्हणजे तडा गेला तरी चुणीत लपेल.

प्रश्न: कुरिअरने मागवलेला ग्रीक रांजण फुटून आला, अकरा तुकडे. टाकून देऊ का? (नाशिकरोड)

अकराच ना! फ्लॉरेन्सच्या म्युझियममध्ये फ्राँस्वा कलश म्हणून एक आहे, इ.स.पू. ५७० च्या आसपासचा, ६६ सेंटिमीटर उंच, घडवणारा एर्गोतिमोस, चित्रं काढणारा क्लेइतियास, दोघांनीही सही केलेली. १९०० मध्ये तिथल्याच एका रखवालदाराने रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकलं, ६३८ तुकडे झाले. दोन वर्षांत जोडला, १९७३ मध्ये उकलून पुन्हा नीट जोडला. उकलून, हे महत्त्वाचं, म्हणून झटकन चिकटणारा गोंद आणि एपॉक्सी दोन्ही नको, एकदा चुकलं की चुकलं. ॲसिटोनमध्ये विरघळणारा ॲक्रिलिक गोंद घ्या. आधी गोंद न लावता सगळे तुकडे जुळवून त्यावर पेन्सिलीने नंबर टाका, तळापासून वर जा, आणि प्रत्येक जोड वाळूच्या परातीत तोलून ठेवा.

छोटे प्रश्न. फाइस्तोसची चकती (क्रीट बेटावरची जुनी मातीची चकती) शाळेच्या प्रदर्शनासाठी करायचीय असं दोघांनी विचारलंय: जरूर करा, पण चिन्हं कोरू नका, मूळ चकतीवर ती ओल्या मातीत शिक्के दाबून उठवलीत, ४५ वेगवेगळी चिन्हं, दोन्ही बाजू मिळून २४१ ठसे, व्यास साधारण १६ सेंटिमीटर. मुलांना खोडरबराचे शिक्के करायला द्या, एक दिवस आनंदात जाईल. १९०८ मध्ये क्रीटमध्ये सापडली आणि अजून कोणाला वाचता आलेली नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. दुसरं, ‘क्रीटची नागदेवी, अस्सल टेराकोटा पद्धत’ अशी जाहिरात पाठवलीत, तर १९०३ ला क्रीटमधल्या क्नोसोसला मिळालेली मूळ मूर्ती टेराकोटाची नाहीच, ती फायान्सची, म्हणजे वाळूच्या चुऱ्यापासून केलेली चकचकीत वस्तू, आणि तिच्यातले बरेच भाग नंतर दुरुस्त करून घातलेले आहेत. मातीत केली तर चांगलीच दिसते, फक्त अस्सल म्हणू नका. तिसरं, अशा भांड्यात पाणी ठेवू का: रंग लावलेलं असेल तर नाही, फुलंसुद्धा सुकीच.

प्रश्न: एवढं ग्रीक-ग्रीक कशाला? आपल्याकडे मातीची कला नव्हती का? (एक शिक्षक, देवळाली)

सर, होती, आणि दोन्ही एकमेकांना ओळखत होत्या, म्हणूनच तर. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, जुनं नाव तगर, तिथून माल समुद्रापर्यंत आणि पुढे रोमन जगात जायचा. तेरला सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या ज्या बाहुल्या मिळाल्यात त्या दोन भागांच्या साच्यातून काढलेल्या आहेत, पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, अगदी वरती त्या मुलीला सांगितलं तसं, आणि ही पद्धत रोमन व्यापाराबरोबर आली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. पण बाहुलीच्या कानातले, केसांची ठेवण, गाल बघा, पूर्ण इथली बाई आहे ती. उलट दिशेने आपली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती पार इटलीतल्या पाँपेईला पोचली, १९३८ मध्ये तिथल्या ज्वालामुखीच्या राखेखालून निघाली. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती सापडली. आणि तुम्ही देवळालीहून येता-जाता जी पांडवलेणी बघता, तिथल्या सतरा नंबरच्या लेण्यात खोदवणाऱ्याने स्वतःची ओळख लिहून ठेवलीय, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा योनक, म्हणजे यवन, त्या काळच्या अर्थाने ग्रीक. मुलांना एकदा तिथे न्या आणि तो शिलालेख दाखवा. साचा दुसऱ्याचा घेतला म्हणून बाहुली परकी होत नाही, हे तेरच्या कुंभाराला माहीत होतं, आणि मी करते त्यातही मला तेच शिकायचंय.

प्रश्न: माझं वय ८१. लहानपणी पोळ्याला आम्ही मातीचे बैल करायचो, चुलीतल्या विस्तवात भाजायचो. तुमचं ते ग्रीक वाचून वाटलं, ती माणसंही असे बैल करत असतील का गं? (सिन्नर)

आजी, करायची! तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

सायप्रस नावाचं बेट आहे, तिथे वायव्य टोकाला आया इरिनी म्हणून गाव. १९२९ मध्ये तिथल्या एका पाद्रीबुवांना एक मातीची मूर्ती मिळाली, ती घेऊन ते म्युझियममध्ये गेले, मग स्वीडनच्या लोकांनी तिथे खोदलं, तर सुमारे दोन हजार मातीच्या मूर्ती निघाल्या. वेदीभोवती अर्धगोल करून उभ्या, जशा लोकांनी नवस बोलून ठेवल्या होत्या तशाच, कोणी हलवल्याच नव्हत्या. काही माणसाएवढ्या, बाकी बोटभर, वीतभर. माणसं आहेत, रथ आहेत, आणि बैल आहेत. तिथल्या मोठ्या बैलांचं पोट चाकावर फिरवून केलेलं असतं, मडक्यासारखं पोकळ, मग पाय, मान, शिंगं हाताने वळून लावलेली. आता त्या मूर्ती निम्म्या तिकडे निकोसियाला आणि निम्म्या स्टॉकहोमला आहेत.

मी या श्रावणात तसे तीन बैल केले, पोट चाकावरचं, वशिंड मात्र आपलं दिलं, सायप्रसच्या बैलांना नसतं. दोन नीट भाजून आले, पण तिन्हींची मिळून चार शिंगं वाळतानाच गळाली, मातीचं पाणी लावून, ओरबाडून, सगळं करूनही. तुम्ही शिंगं कशी बसवायचात, आत काडी घालायचात का, आणि माती कुठली घ्यायचात, ओढ्याची का शेताची, तेवढं नातवाकडून मला लिहून पाठवा.